चांदी पक्की, दात कच्चा?

दिवाळीत चकली खाताना आईच्या दाढेचा टवका उडाला. तिने तो तळहातावर घेऊन मला दाखवला. एका बाजूने पांढरा, चकचकीत, दुसऱ्या बाजूने काळपट. त्या दाढेत वीसेक वर्षांपूर्वी ‘चांदी’ भरलेली होती. ती जागच्या जागी होती, शेजारची दाताची भिंत तेवढी गेली. “चांदी पक्की निघाली, दातच कच्चा,” आई म्हणाली. असं पुष्कळांना वाटतं. पण बिचाऱ्या दाताची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबं. हे मिश्रण दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. म्हणून खड्डा पाण्याच्या तांब्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागतो. त्यासाठी किडीबरोबर चांगला दातही जातो. उरलेल्या पातळ भिंतींना एकमेकींचा आधार राहत नाही आणि प्रत्येक घासाला त्या किंचित वाकतात. वर्षानुवर्षं वाकून एखादी तडकते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर जवळपास बंद केला तो पाऱ्यामुळे. माझ्या लेखी मात्र निरोगी दात कोरावा लागणं हा त्याचा मोठा दोष आहे.

मुळातला दात कसा असतो पाहा. वरचं इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, म्हणून कडक पण ठिसूळ. खालच्या डेंटिनमध्ये कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी असल्यामुळे ते जरासं लवतं. दोघांचा सांधा नागमोडी असतो आणि इनॅमलमध्ये पडलेली चीर बहुधा त्याच्या आसपासच थांबते. या रचनेची नक्कल करायची, तर भरलेला भाग दाताला चिकटलाच पाहिजे.

चिकटवण्याची वाट १९५५ मध्ये अमेरिकेत दंतवैद्य मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फरिक आम्लाची प्रक्रिया करत, हे त्यांना माहीत होतं. तेच आम्ल त्यांनी इनॅमलवर ३० सेकंद लावलं. गिलावा धरावा म्हणून गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तसंच हे, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं. आम्ल धुऊन वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. त्याच्या बारीक खळग्यांत पातळ राळ, म्हणजे चिकटवणारं कृत्रिम रेझिन, उतरते आणि तिथेच घट्ट होते.

डेंटिनशी गाठ पडली की खरी मजा येते. त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आम्लाने वरच्या काही मायक्रोमीटरमधलं खनिज निघून जातं आणि मागे उरते कोलॅजेनची उघडी जाळी. ती फुललेली राहते केवळ पाण्याच्या आधाराने. ओहोटीला खडकावरचं शेवाळ कसं चपटं होऊन बसतं, तशी ही जाळी हवेच्या जोरदार फवाऱ्याने कोसळते, आणि मग राळ आत शिरत नाही. उलट पाणी जास्त राहिलं तर राळ नीट घट्ट होत नाही. म्हणून आधी प्रायमर लावतात. त्यातल्या हेमा (HEMA) नावाच्या रसायनासारख्या रेणूंचं पाण्याशीही जमतं आणि राळेशीही. सोबतचं अल्कोहोल किंवा ॲसिटोन उडून जाताना पाणी घेऊन जातं आणि तंतूंच्या मधे राळ भरते. जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये हा थर ओळखला. त्याला संकरित थर म्हणतात, धड दात नाही आणि धड राळही नाही. आता १०-एमडीपी नावाचा रेणू दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंधही जोडतो. तरी हा थर अमर नाही. डेंटिनमधलीच एमएमपी नावाची विकरं (एन्झाइम) उघडे राहिलेले तंतू हळूहळू तोडतात. शिवाय वर भरलेलं कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं राळेचं भरण, निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसतं आणि नुकत्याच जुळलेल्या थराला ओढतं. म्हणून ते थोडं थोडं, थराथराने भरायचं.

जत्रेत कुणी धुरी देऊन दाढेतल्या ‘अळ्या’ पाडून दाखवतो. दातात अळी नसते. साखरेचं आम्ल करणारे जंतू असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. इनॅमल पुन्हा उगवण्याच्या जाहिरातीही तशाच फसव्या. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात. फ्लोराइडने सुरुवातीचा पांढरा डाग सावरतो, खड्डा भरत नाही.

आईला वाटलं होतं, आता दाढ चहूबाजूंनी कोरून कॅप बसवतील. डॉक्टरबाईंनी चांदी आणि कीड तेवढी काढली. लाळ लागू नये म्हणून दाढेभोवती रबराचा निळा पडदा ताणला. आम्ल धुतल्यावर हवा मारली ती हलकीच, आणि ओलसर कापसाचा बोळा क्षणभर दाढेवर टेकवला. मी वाकून पाहिलं. कडेचं इनॅमल आणि मधलं पिवळसर डेंटिन, दोन्हींवर ओल्या फरशीसारखी बारीक चमक होती. “एवढंच ओलं हवं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी प्रायमरची बाटली उघडली.