गुळव्याची नजर आणि यंत्राचा मेंदू

कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर उकळत्या रसाची काहील कधी उतरवायची हे गूळ करणारा गुळव्या ठरवतो. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बघितली की त्याला कळतं. नियम विचाराल तर नेमके सांगता येणार नाहीत. ते बिघडलेल्या काहिलींतून त्याच्या नजरेत मुरलेत. मेंदूवरून यंत्र घडवणाऱ्यांना हेच साधायचं होतं.

१९४३ मध्ये वॉरन मॅकुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशीचं गणित मांडलं: येणाऱ्या संकेतांची बेरीज ठरावीक मर्यादेला पोचली की पेशी पेटते, म्हणजे पुढे संकेत सोडते. पण ही पेशी शिकत नव्हती. शिकताना पेशींमधले दुवे घट्ट होतात, हा विचार डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये दिला. पुढे फ्रँक रोझेनब्लाट यांनी शिकणारं यंत्रच उभं केलं. त्यांच्या पर्सेप्ट्रॉनला ४०० प्रकाशसंवेदकांचा डोळा होता. उत्तर चुकलं की छोट्या मोटारी फिरायच्या आणि जोडण्यांची वजनं, म्हणजे त्यांचा जोर, बदलायची. काहील बिघडल्यावर गुळव्याचा अंदाज सरकतो, तसंच हे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

१९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एकाच थराच्या अशा यंत्राच्या मर्यादा सिद्ध केल्या आणि बऱ्याच जणांचा उत्साह मावळला.

वाट पुन्हा सापडली ती मांजरामुळे. ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी त्याआधीच मांजराच्या मेंदूतल्या पेशी तपासल्या होत्या. ठिपके दाखवून काही होईना. काचेची पट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि पेशी तडतडली. काही पेशी विशिष्ट कोनात कललेल्या रेषाच ओळखतात, हे त्यातून उलगडत गेलं. त्यावरून कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये कृत्रिम पेशींचं, थरांवर थर असलेलं जाळं रचलं: निओकॉग्निट्रॉन. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी उत्तरातल्या चुकीतला ज्याचा त्याचा वाटा आतल्या थरांपर्यंत उलट पोचवण्याची रीत रूढ केली. मेंदू हुबेहूब असंच करतो असं मात्र नाही. २०१२ पासून चित्रं ओळखण्यात अशा जाळ्यांनी मुसंडी मारली.

मेंदूची काटकसर मात्र मागे राहिली. गुळव्याचा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, गुऱ्हाळात टांगलेल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. मोठी जाळी शिकवायला मात्र हजारो चिपा राबतात. म्हणून कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात चिपच मेंदूच्या धर्तीवर घडवायला घेतली. आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थमध्ये १० लाख कृत्रिम पेशी होत्या. संकेत आला तरच त्या काम करत, आणि सगळी चिप सुमारे ७० मिलिवॅटवर भागवायची.