मशीन स्वस्त, फी महाग: बडोद्यातून दिसणारी शंभर वर्षं

बडोदा संस्थानात 1906 नंतर मुलाला शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड व्हायचा. शाळेला फी मात्र नव्हती. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आधी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत करून पाहिला आणि 1906 च्या कायद्याने तो साऱ्या संस्थानाला लागू केला: मुलगे 7 ते 12 वर्षांचे, मुली 7 ते 10. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह इंग्रज सरकारपुढे धरला तेव्हा त्यांच्या हातात बडोद्याचेच आकडे होते. शाळेच्या वयातल्या मुलींपैकी बडोद्यात 47.6 टक्के शाळेत होत्या, ब्रिटिश हिंदुस्थानात 4 टक्के. तरीही त्यांचं 1911 चं विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. सरकारची एक मोठी अडचण होती, पैसे कोण देणार? बडोद्यात त्याचं उत्तर ठरलेलं होतं: तिजोरी.

हे आज आठवायचं कारण म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांतला जून महिन्याचा हिशेब. स्मार्ट टीव्ही आहे, वॉशिंग मशीनचे हप्ते फिटत आलेत, गीझर मोबाइलवरून चालू होतो. अडतं ते पहिल्या टर्मच्या फीपाशी. कित्येकांना वाटतं, आपलीच चैन वाढली म्हणून हात आखडतो. मला हे पटत नाही. या दोन खर्चांची चालच मुळात वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

घरातल्या यंत्रांची गोष्ट आधी. ओलं खोबरं, डाळ-तांदूळ परदेशी ब्लेंडरला झेपत नव्हते. मुंबईत सीमेन्समध्ये असलेल्या एस. पी. माथुर यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर बसवून 1963 मध्ये सुमीत मिक्सर आणला. तेव्हा तो घरातली मोठी खरेदी होता. 1971 मध्ये इंटेलची 4004 ही मायक्रोप्रोसेसर चिप आली आणि पुढे यंत्राला ‘ठरवता’ येऊ लागलं. जपानच्या मात्सुशिताने 1990 मध्ये फझी लॉजिकवर, म्हणजे नुसत्या हो-नाहीऐवजी ‘थोडं’, ‘जास्त’ असा अंदाज घेण्याच्या पद्धतीवर चालणारं वॉशिंग मशीन काढलं. त्यातली युक्ती साधी होती. धुण्याच्या पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडायचा; पलीकडे तो जितका कमी पोहोचेल तितका मळ जास्त, म्हणून धुणं तितकं लांबवायचं. पूर्वी आई पाण्याचा रंग पाहून ‘अजून एकदा घोळव’ म्हणायची, ते काम आता एक दिवा आणि एक सेन्सर करतो. पुढे 2014 मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी8266 ही वायफाय चिप बाजारात आली, अवघ्या काही डॉलरची. कोणत्याही साध्या प्लगला, बल्बला, पंख्याला इंटरनेट जोडणं कारखानदाराला परवडू लागलं ते इथून. चिपही यंत्रच बनवतं आणि प्लगही. माणसाचे तास कमी होत गेले, तशी किंमत उतरत गेली.

शिकवण्याचं तसं होत नाही. सुरसागर तलावाच्या काठी आपलं बडोद्याचं संगीत महाविद्यालय आहे. त्याचं मूळ 1886 च्या गायनशाळेत, जी मौलाबक्षांनी महाराजांच्या आश्रयाने सुरू केली. तेव्हा भूपाचा एक ख्याल विद्यार्थ्याच्या गळ्यात बसायला गुरूचे जितके तास लागत, जवळपास तितकेच आजही लागतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांचं उदाहरण चार वादकांच्या मैफिलीचं होतं. कारखान्यात एका माणसाकडून दहापट माल निघतो, म्हणून तिथला पगार वाढूनही माल महागत नाही. शिक्षक, गायक, नर्स यांचं काम तसं दहापट होत नाही, पण पगार मात्र इतरांबरोबर वाढवावाच लागतो, नाहीतर त्या कामाला माणसं मिळणार कुठून? म्हणून शिकवणं महागतं. ते वाईट झालं म्हणून नव्हे, बाकीचं सगळं स्वस्त झालं म्हणून.

यात आणखी एक गोम आहे. घरात मशीन आलं की हातचं काम कमी होतं. वर्गात स्मार्ट बोर्ड आला तेव्हा एकही शिक्षक कमी झाला नाही, व्हायलाही नको होता. बोर्डाचा खर्च मात्र फीमध्ये चढला. 2020 मध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा पालक म्हणाले, इमारत बंद आहे तर पूर्ण फी कशाला? गुजरात सरकारने खासगी शाळांना त्या वर्षी 25 टक्के कपात करायला लावली. शाळांचं म्हणणं होतं की पगार थांबलेले नाहीत. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते.

बडोद्यात यंत्र आणि शिक्षण यांचं नातं जुनं आहे. कलाभवन 1890 चं, त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेलं. रंगकाम, यंत्रकाम तिथे देशी भाषांतून शिकवण्यावर त्यांचा भर होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची इंजिनियरिंगची शाखा बनलं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात, 1950 मध्ये, होम सायन्स फॅकल्टी निघाली. घरातली उपकरणं, बाईचा वेळ आणि तिचे श्रम हा तिथे अभ्यासाचा विषय होता. पुढे 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी आली, 1969 मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी. तिथल्या जुन्या कंट्रोल रूममध्ये नळ्यांतून ठरावीक दाबाची हवा यंत्रांचे निरोप न्यायची आणि गोल कागदावर पेन रेघ ओढायचं. मग सगळं संगणकाच्या पडद्यावर आलं. आयटीआय करून लागलेल्या बापाच्या जागी मुलाला डिग्री हवी असं झालं. शिक्षण महाग होत असतानाच ऑटोमेशनने त्याची वर्षं वाढवली.

आणि नेमकं याच काळात तिजोरीने हात मागे घेतला. ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदानावरच्या शाळांपेक्षा सेल्फ फायनान्सच्या, म्हणजे फीवरच चालणाऱ्या शाळा भराभर निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतली जाणारी जादा रक्कम, घटनाबाह्य ठरवली, 1993 मध्ये व्यावसायिक कॉलेजांसाठी काही जागा कमी फीच्या (फ्री) आणि काही जास्त फीच्या (पेमेंट) अशी पद्धत घालून दिली आणि 2002 च्या टी. एम. ए. पै निकालात ती मोडीत काढली: खासगी विनाअनुदानित संस्थांनी फी स्वतः ठरवावी, नफेखोरी करू नये. नफेखोरी कुठे सुरू होते हे ठरवण्यासाठी गुजरातने 2017 मध्ये कायदा केला. तो आला तेव्हा वर्षाच्या मर्यादा अशा होत्या: प्राथमिकला 15,000, माध्यमिकला 25,000, उच्च माध्यमिकला 27,000 रुपये. याहून जास्त हवी तर शाळेने समितीपुढे हिशेब मांडायचा. ज्या चार झोनसाठी समित्या नेमल्या गेल्या, त्यांत वडोदरा, म्हणजे आपलं बडोदं, एक. शाळा हायकोर्टात गेल्या, कायदा टिकला. संध्याकाळची ट्यूशन, व्हॅनचं भाडं आणि घरचा टॅब यांना मात्र त्या मर्यादा लागत नाहीत.