ठिसूळ हाडे आणि मऊ हाडे

सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरात देवपूजा आटोपून पाटावरून उठताना आजी एक हात भिंतीला आणि दुसरा मांडीवर टेकवतात, आणि ‘हाडे झिजली, वयच झाले आता’ एवढ्यावर तो विषय मिटतो. परंतु ‘झिजली’ या एका शब्दात दोन निराळे आजार एकत्र कोंबले जातात: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होणे, आणि ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडे मऊ पडणे.

हाड म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाची जाळी आणि तिच्यावर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार. पेठांतले वाडे पडून इमारती उभ्या राहताना पाहिलेल्या माणसाला सांगायचे तर, ऑस्टिओपोरोसिसमध्ये सळ्या आणि काँक्रीट दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. ऑस्टिओमलेशियामध्ये सळ्या बांधलेल्या असतात, पण त्यांवर काँक्रीट पुरेसे पडतच नाही. पहिल्याच्या मुळाशी बहुधा वय, रजोनिवृत्ती किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स असतात, तर दुसऱ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ‘ड’ जीवनसत्त्वाची तीव्र आणि जुनी कमतरता असते.

लक्षणांतला फरक मात्र नीट पाहण्यासारखा आहे. ठिसूळ हाड दुखत नाही. न्हाणीघरात पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. मऊ हाड मोडण्याआधीच ठणकते, नडगीवर बोटाने दाबले तरी दुखते, आणि मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू दुबळे होत असल्यामुळे जमिनीवरून उठणे आणि जिने चढणे जड जाते. त्या आजींचा भिंतीवरचा हात म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगा नाही.

घोटाळा खरा होतो तो डेक्सा तपासणीत. हे यंत्र हाडातील क्षारांची घनता मोजते, आणि ती दोन्ही आजारांत कमीच येते, त्यामुळे −२.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांच्या घनतेशी तुलना करणारा आकडा) पाहून थेट ऑस्टिओपोरोसिसचा शिक्का मारणे घाईचे ठरते. ऑस्टिओमलेशियात रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे एंझाइम सहसा वाढलेले आणि फॉस्फरस, कधी कॅल्शियमही, कमी आढळते. निव्वळ ऑस्टिओपोरोसिसमध्ये हे आकडे बहुधा सामान्य असतात.

एवढे ऊन असलेल्या पुण्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची ही कमतरता येतेच कशी, असे विचारले जाते. पहाटे तळजाई टेकडीवर फिरून उजाडता उजाडता घरी परतणाऱ्यांना जे कोवळे ऊन मिळते, त्यात त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण नगण्य असतात. काच लावून बंद केलेल्या गॅलरीत तर ते जवळजवळ पोहोचतच नाहीत. शिवाय वयानुसार त्वचेची क्षमता घटते, आणि शाकाहारी जेवणातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही.

उपचारांचा क्रमही यावरूनच ठरतो. ‘ड’ची कमतरता भरून न काढता ऑस्टिओपोरोसिससाठीचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे औषध शिरेतून दिले, तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट, आठवड्यातून एकदा घ्यायची ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी रोजची समजून दुधातून घेत राहिल्यास कॅल्शियम वाढते. मग उलट्या, बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपणा दिसू लागतो, आणि घरातले पुन्हा वयालाच दोष देतात.