एका ड्रिपमध्ये अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स: येण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या इन्फ्युजन सेंटरमध्ये (म्हणजे शिरेतून औषध देण्याच्या ठिकाणी) येणारी मराठी मंडळी, त्यातही मुलांकडे राहायला आलेले आईबाबा, हमखास विचारतात की त्वचेच्या इन्फेक्शनवरच्या दहा दिवसांच्या गोळ्यांचं काम एका ड्रिपने कसं होणार? होतं. डॅलबाव्हॅन्सिन हे औषध शरीरातून इतकं सावकाश बाहेर पडतं की १५०० मिलिग्रॅमचा एक डोस साधारण दोन आठवडे पुरतो. २०१४ मध्ये एफडीएने (औषधांना परवानगी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) मंजुरी दिली तेव्हा आठवड्याच्या अंतराने दोन डोस होते, २०१६ पासून एकच डोसही चालतो. याच गटातलं ओरिटाव्हॅन्सिनपण एकदाच देतात, पण ते घेतल्यावर पाच दिवस शिरेतून हेपारिन (रक्त पातळ करणारं औषध) देत नाहीत, म्हणून ब्लड थिनर चालू असेल तर आधी सांगाच.

पाय लाल होऊन सुजतो, गरम लागतो तो सेल्युलायटिस, किंवा जखम चिघळली, गळू झालं, आणि मागे स्टॅफ किंवा स्ट्रेप जंतू असतील (एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफ, तोसुद्धा), तर हे उपयोगी. सगळ्याच जंतूंवर चालत नाही, त्यामुळे द्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. आणि गळवात पू असेल तर तो चिरा देऊन काढावाच लागतो, नुसत्या औषधावर भागत नाही.

डॅलबाव्हॅन्सिनची ड्रिप अर्ध्या तासाची. औषध नॉर्मल सलाईनमध्ये घालत नाही, कण धरतात, म्हणून नर्स डेक्स्ट्रोजची पिशवी लावते. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरच, तेव्हा डायबिटीस असेल तर सांगा. किडनीचा त्रास, याच गटातल्या व्हॅन्कोमायसिनची ॲलर्जी, हेही लपवू नका. ड्रिप चालू असताना मान-छाती लाल झाली, खाज सुटली की लगेच हाक मारा, बऱ्याचदा ड्रिप हळू केली की थांबतं, पण थांबेल म्हणून गप्प बसू नका.

निघताना लालीच्या कडेने पेनने रेघ मारून देतो, ती घासून पुसू नका. दोन-तीन दिवसांनी दाखवायला यायचंच, एक डोस म्हणजे काम संपलं असं धरून बरेच जण येत नाहीत आणि तिथेच गडबड होते. लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, कातडी काळी पडायला लागली किंवा दिसतंय त्यापेक्षा दुखणं भयंकर असेल तर आमच्या फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा. नंतर खूप पातळ जुलाब लागले तरी डॉक्टरांना कळवा, पुढचे काही आठवडे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर हे औषध घेतलंय ते सांगा.

औषध महाग आहे, काही हजार डॉलर, त्यामुळे व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांशी आधी बोलून घ्या, कागद आम्ही भरून देतो.