सिंहाचं सगळं गणित शेवटच्या तीस मीटरांचं

सिंह पळण्यात कच्चा आहे, हे चटकन पटत नाही. ताशी ५० ते ६० किलोमीटरचा वेग तो गाठतो, पण टिकवता येत नाही. कारण छातीत आहे. तरसाचं हृदय त्याच्या वजनाच्या जवळपास एक टक्का भरतं, सिंहिणीचं अर्ध्या टक्क्याहून जरासंच जास्त. तरस कित्येक किलोमीटर सावजाच्या मागे लागू शकतं; सिंहिणीला शे-दोनशे मीटरांतच धाप लागते. त्यामुळे सावजापासून तीसेक मीटरांवर न दिसता पोचणं, यातच तिची अर्धीअधिक शिकार असते.

अंगाचा वाळक्या गवतासारखा रंग त्यासाठीच उपयोगी पडतो. छाव्यांच्या अंगावर ठिपके असतात, ते मोठेपणी फिकट होत जातात. ‘वनराज’ ही पदवी तशी फसवीच, कारण दाट सदाहरित अरण्यात सिंह सहसा राहत नाही. त्याला गवत, खुरटी झुडपं आणि अधूनमधून सावली देणारं झाड लागतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या सव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात, हे सगळं मिळतं. कालाहारीच्या वाळवंटात पाणी नसलं तरी सावजाच्या रक्तामांसातल्या ओलाव्यावर आणि तिथल्या रानकलिंगडांवर तो भागवतो.

शिकारीचा हिशेब मात्र तोट्याचाच. एकट्या सिंहिणीचे सहा-सात प्रयत्न झाले, तर त्यातला एखादा साधतो. दोघी-तिघी असल्या की यश जवळपास दुप्पट होतं. नामिबियातल्या इटोशात तर जागा ठरलेल्या असतात: काही जणी लांबून वळसा घालून सावजाला हुसकतात, बाकीच्या समोर दबा धरून बसतात. चांदण्या रात्री हे बेत फसतात, काळोखात जमतात. वाऱ्याची दिशा त्या फारशी बघत नाहीत, आणि तेवढ्यामुळेही बरीच सावजं निसटतात.

लहान जनावर पंजाच्या फटक्याने किंवा मानेच्या चाव्याने संपतं. झेब्रा, विल्डबीस्ट यांना पाडून गळा दाबून धरतात किंवा सबंध नाक-तोंडच जबड्यात घेतात. प्राण श्वास कोंडून जातो. मग पोट फाडून काळीज, मूत्रपिंडं आधी खाल्ली जातात. सिंहाचा जबडा आडवा हलत नाही, त्यामुळे आपल्यासारखं चावून बारीक करणं त्याला जमत नाही. मान तिरकी करून तो गालाकडच्या धारदार दाढांनी मांस कात्रीसारखं कापतो आणि तुकडे तसेच गिळतो. जिभेवरचे मागे वळलेले काटे हाडाला चिकटलेलं मांस खरवडून काढतात. रोजची गरज सरासरी पाच ते सात किलोंची, पण एका बैठकीत तीस किलोही पोटात जातात. मग दिवसातले वीसेक तास नुसती लोळण.

नराचं वजन १५० ते २२५ किलो, मादीचं १२० ते १५० च्या आसपास. म्हणून मादीने मारलेल्या सावजावर तो आधी बसतो. नर आयतोबा असतो हा समज मात्र अर्धाच खरा. दाट झुडपांत तो दबा धरून स्वतः शिकार करतो, तरसांची शिकारही हिसकावतो. आयाळीचा त्यात काही उपयोग नाही. उलट टांझानियातल्या सेरेंगेटीतल्या अभ्यासात काळ्या आयाळीचे नर जास्त तापतात आणि उन्हाळ्यात कमी खातात असं दिसलं. तरीही माद्यांना काळी आयाळच आवडते.

आशियाई सिंह रानात उरलाय तो फक्त गुजरातेत. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले. आयाळ आखूड, कान उघडे दिसतात आणि पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते. इथे चितळ हे मुख्य सावज, आणि एक चितळ मोठ्या कळपाला पुरत नाही. त्यामुळे माद्यांचे गट लहान असतात आणि नर बहुतेक वेळ वेगळेच राहतात.

धोका सावजाकडूनही असतो. झेब्र्याची लाथ जबडा मोडते, आफ्रिकी रानम्हैस शिंगावर घेते. साळिंदराचे काटे तोंडात किंवा पंजात रुतून चिघळले की शिकारच बंद होते. १८९८ मध्ये केनियात त्सावोच्या रेल्वेपुलावरचे मजूर खाणाऱ्या दोन सिंहांपैकी एकाच्या खालच्या सुळ्याच्या मुळाशी मोठं गळू झालेलं होतं. झेब्र्याचा गळा धरून ठेवण्याइतका दाब त्या सुळ्यावर देणं त्याला अवघडच गेलं असणार. दोघांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा जास्त माणसं यानेच खाल्ली असावीत असं दिसलं.