रेंज नाही की गर्दी आहे?

नेट अडलं की जळगावपासून तळोद्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "रेंज नही शे." व्हिडिओ गोल गोल फिरतोय, यूपीआयचे पैसे मध्येच लटकलेत, केळीच्या बागेतल्या सेन्सरचा आकडा येईना, सगळ्याला कारण तेच. हल्ली उपायही एकच सांगतात: "एआयवालं घ्या, स्पीड वाढतो." दोन्ही वाक्यांचा मला वीट आलाय.

रेंज नसणं म्हणजे काय ते सांगायला नको. तोरणमाळचा घाट चढताना डोंगर आडवा येतो, टॉवर लांब पडतो, पट्ट्या जातात. झालं.

गर्दी मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जा. घोडेबाजारात उभं राहून फोन काढा. टॉवर समोर दिसतोय, पट्ट्या भरलेल्या आहेत, आणि घोड्याचा एक फोटो जाईल तर शपथ. पट्ट्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. त्या टॉवरला तुमच्याबरोबर आणखी किती जण लोंबकळलेत, हे त्या सांगत नाहीत. यावर बूस्टर शोधणारे लोक मी पाहिलेत. (मोबाइलचा बूस्टर खासगीत लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, ते वेगळंच.)

खरी मेख पुढे आहे. यंत्राला आतून दोन्ही आजार सारखेच दिसतात: पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवलं, पोच आली नाही. उपाय मात्र एकमेकांच्या उलट. तापीच्या पलीकडच्या काठावर कुणी उभा असेल, तर तुम्ही एकेक शब्द ओढून, सावकाश बोलता, आणि त्याला कळतं. तसंच भर बाजारात प्रत्येकानं ओढून बोलायला सुरुवात केली तर? प्रत्येकाचं बोलणं लांबतं, एकमेकांत घुसतं, कुणालाच काही कळत नाही.

गंमत म्हणजे आपल्या उपकरणांत हा घोटाळा मुळापासून भरलेला आहे. 1986 मध्ये इंटरनेट कोंडलं, बर्कलेतल्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. त्यानंतर 1988 मध्ये संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला (इंटरनेटवर पॅकेटं पाठवण्याच्या आणि पोच घेण्याच्या नियमांना) शिस्त लावली: पॅकेट हरवलं की गर्दी समजा आणि पाठवणं कमी करा. तारेवर हे बरोबर होतं, कारण तारेवर पॅकेट सहसा गर्दीनंच हरवतं. वायफायच्या जुन्या वेग ठरवण्याच्या पद्धतींनी नेमकं उलटं गृहीत धरलं: लागोपाठ दोन पॅकेटं हुकली, म्हणजे सिग्नल कमजोर, बोलणं सावकाश करा. म्हणजे एकाच फोनच्या आत दोन थर, हरवलेलं पॅकेट तेच, आणि दोघांचे अंदाज दोन टोकांना. दोघंही न तपासता बोलतात.

रावेरकडच्या एका बागेत याचा हिसका बसला. जमिनीतली ओल सांगणारे चाळीस लोरा नोड (कमी विजेत लांबवर छोटे आकडे पाठवणारी रेडिओ यंत्रं), विहिरीवरच्या खोलीवर ते आकडे झेलणारा गेटवे. सुरुवातीला दहा नोड होते तेव्हा सगळं ठीक. चाळीस झाले आणि आकडे गळायला लागले. विक्रेता म्हणाला, पानं दाट झाली, रेंज पडली, सगळे नोड स्प्रेडिंग फॅक्टर 12 वर टाका (हा आकडा जितका मोठा, तितकं नोडचं बोलणं सावकाश). टाकले. आणखी बिघडलं. बिघडणारच. वीस बाइटांचं पॅकेट फॅक्टर 7 वर साधारण 57 मिलिसेकंदांत जातं, 12 वर त्याला 1.3 सेकंद लागतात. तेवीसपट वेळ हवा अडवून ठेवायची आणि वर म्हणायचं, आकडे का पोचत नाहीत!

सुगावा गेटवेच्या नोंदीतच होता. जी पॅकेटं पोचत होती, त्यांचा सिग्नल गोंगाटाच्या (हवेतल्या नको त्या रेडिओ खरखरीच्या) वर होता. फॅक्टर 7 ला गोंगाटाच्या साडेसात डेसिबल खालचाही सिग्नल चालतो. म्हणजे भरपूर जागा शिल्लक, रेंजचा प्रश्नच नव्हता. सगळे नोड तासाच्या ठोक्याला एकदम बोलत होते, बस्स. प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे केली, फॅक्टर खाली आणला, आकडे यायला लागले. त्यात एआय कुठेच नव्हतं.

मग मशीन लर्निंगचं, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या एआयचं, काम काय? मी नोंदी चाळून जे एकदा केलं, ते दर पॅकेटला करायचं. वेग कमी केल्यावर हुकणं कमी होतं का? होत असेल तर सिग्नल कमजोर, नसेल तर टक्कर. हरवण्याआधी पोच यायला उशीर होत गेला का? मग बहुधा रांग लागली होती. हवा किती वेळ व्यापलेली होती? एकेकटी खूण फसवते. मोबाइल नेटवर्क हुकलेलं पॅकेट खालच्या थरातच पुन्हा पाठवतं, त्यामुळे गर्दी नसतानाही उशीर दिसतो. चार-पाच खुणा एकत्र तोलायला शिकलेलं मॉडेल इथे माणसानं लिहिलेल्या ठोकळेबाज नियमापेक्षा सरस ठरू शकतं. निदान झालं की पुढचे उपाय जुनेच. हवेतून किती माहिती जाऊ शकते, याची मर्यादा गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्येच मांडून ठेवली आहे, ती कुठलंही मॉडेल ओलांडत नाही.

माझी पसंती साध्या निर्णयवृक्षाला, म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नांच्या उतरंडीला. गेटवेच्या छोट्या चिपवर तो पळतो, आणि चुकला तर का चुकला ते वाचता येतं. मोठं न्यूरल नेटवर्क घेऊन बांधावर उभं राहणाऱ्यांना मी एकच विचारतो: शिकवायला नमुने कुठून आणले? हरवलेल्या पॅकेटवर कारणाची चिठ्ठी नसते. ती आपणच मिळवायची. एका रात्री बाकीचे नोड बंद ठेवून एकच बोलू द्यायचा, तेव्हा जे हरवेल ते सिग्नलमुळे. दुसऱ्या रात्री जवळचे नोड मुद्दाम एकदम बोलवायचे, तेव्हा जे हरवेल ते टक्करीमुळे.

आणि हे एकदा करून भागत नाही. केळीचं पान म्हणजे पाणीच, आणि पाणी रेडिओ लहरी खातं. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) रोपं गुडघ्याएवढी असताना शिकवलेलं मॉडेल बाग निसवेपर्यंत, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत, जुनं होतं. शेजारच्या कांदेबागेत (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत) तर ते पहिल्या दिवसापासून चुकतं. आम्ही त्या दोन रात्री आता दर दोन महिन्यांनी करतो, आणि एक पाऊस पडून गेल्यावर, पानं ओली असताना, मुद्दाम आणखी एकदा.