महापालिका सभा आणि जनसुनावणी (कोल्हापूर)

महापालिका सभा आणि जनसुनावणी या शहराच्या कारभारातील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. सभेत नगरसेवक बोलतात, सुनावणीत नागरिक. कोल्हापूर महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी अस्तित्वात आली. तिच्या सभांचे नियम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूचीत आहेत.

सर्वसाधारण सभा दरमहा किमान एकदा, २० तारखेच्या आत घ्यावी लागते. नगरसचिव विषयपत्रिकेसह सात पूर्ण दिवसांची नोटीस काढतात. नोटिशीचा आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश असते; ८१ जणांच्या सभागृहात २७. महत्त्वाचा विषय संपला की बाके रिकामी होऊ लागतात. तेवढ्यात कुणी डोकी मोजून गणपूर्ती नसल्याचे महापौरांच्या लक्षात आणून दिले, तर सभा तहकूब करावी लागते आणि खालचे विषय लटकतात.

विषय पुकारल्यावर सूचक (ठराव मांडणारा), अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा), उपसूचना (ठरावात सुचवलेला बदल), चर्चा आणि मतदान असा क्रम असतो. कोणाला बोलू द्यायचे आणि कुठे थांबवायचे हे महापौर ठरवतात. मते समसमान पडल्यास त्यांचे निर्णायक मत असते. आयुक्त चर्चेत भाग घेतात, पण त्यांना मत नाही आणि ठरावही मांडता येत नाही. उपसूचना तोंडी मांडून चालत नाही. ती लेखी दिली नसेल तर इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) कायम करताना नेमके काय मंजूर झाले यावरून वाद पेटतो. कायद्याला सोडून केलेला ठराव राज्य शासन कलम ४५१ खाली निलंबित करू शकते.

सभा लोकांना खुली असते, पण प्रेक्षक कक्षातून बोलण्याचा अधिकार नाही. आपले म्हणणे सभागृहात यायला हवे असेल तर प्रभागातील नगरसेवकाला आठवडाभर आधी गाठावे. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून नगरसेवकांऐवजी प्रशासक आले तेव्हा हा मार्गही बंद झाला होता. शहराचे त्यात मोठे नुकसान झाले.

नागरिकाच्या शब्दाला कायद्याचे वजन मिळते ते हरकतींच्या सुनावणीत. उदाहरणार्थ, विकास योजनेतील (शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा) किरकोळ फेरबदलासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार नोटीस निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. माणशी किती मिनिटे हे कलमात लिहिलेले नाही. सुनावणी घेणारे अधिकारी हरकतींची संख्या पाहून वेळ वाटतात. म्हणून सगळी भिस्त लेखी अर्जावर ठेवावी. त्यात सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड (ए ते ई), आरक्षण क्रमांक (योजनेत सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा), नकाशाची प्रत आणि नेमकी मागणी हवी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर निर्णय देण्याजोगे काहीच नसते. एकाच मजकुराचे शंभर अर्ज आले की ते एकत्र घेतले जातात. त्यापेक्षा गल्लीने एक प्रतिनिधी नेमावा, त्याने मागणी आधी सांगावी आणि कारणे मागून.

वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे घेतली जात नाहीत.